विंचेस्टरने रॉयल्टी नाकारली आणि हरणाच्या शिकारीची पहिली दमदार सेमी-ऑटोमॅटिक रायफल रेमिंग्टनकडे गेली

नोव्हेंबरचा महिना. अमेरिकेच्या ईशान्येकडचं दाट जंगल. पानगळ झालेली, जमीन ओली. एक शिकारी पहाटेपासून थंडीत उभा आहे. दुपारच्या सुमारास झुडपांच्या फटीतून हरीण दिसतं. अंतर साठ-सत्तर मीटर. तो गोळी झाडतो. हरीण पडत नाही, उडी मारून पळायला लागतं.

आता शिकाऱ्याच्या हातात फार तर दोन-तीन सेकंद आहेत. दुसरी गोळी लागली नाही तर जखमी हरीण झाडीत शिरणार, कुठेतरी तडफडून मरणार आणि शिकाऱ्याच्या हातीही काही लागणार नाही. पण १९०० साली अमेरिकेच्या बाजारात मिळणाऱ्या रायफलीत दुसरी गोळी मारायची तर हाताने लिव्हर नाहीतर बोल्ट मागे-पुढे करावा लागायचा. तेवढ्यात नेम हलायचा आणि हरीण गायब व्हायचं.

हा प्रश्न ज्याने सोडवला त्याचं नाव जॉन मोझेस ब्राउनिंग. पिस्तुलं आणि मशीनगन बनवणारा म्हणून जग त्याला ओळखतं. पण त्याच्या कामाची सुरुवात शिकारीच्या बंदुकीपासून झाली. आज अमेरिकेत हरणाच्या शिकारीला जाणारा नवखा माणूस दुकानात गेला की दोन प्रश्न विचारतो, सेमी-ऑटोमॅटिक घेऊ का आणि कॅलिबर कोणतं घेऊ. या दोन्ही प्रश्नांचं एकत्र उत्तर देणारी पहिली दमदार रायफल ब्राउनिंगच्या डोक्यातून आली होती. ती कशी आली, त्याची ही गोष्ट.

बाप बंदूकवाला, घरात बावीस पोरं

ब्राउनिंगच्या वडिलांचं नाव जोनाथन. जन्म १८०५ चा, टेनेसी राज्यातला. धंदा बंदुका बनवण्याचा आणि दुरुस्तीचा. पुढे त्यांनी मॉर्मन पंथ स्वीकारला. त्या काळी मॉर्मन लोकांना ठिकठिकाणाहून हाकललं जात होतं. हे लोक बैलगाड्या जुंपून पश्चिमेकडे निघाले, तेव्हा त्यांच्यासाठी बंदुका बनवून देणाऱ्यांत जोनाथन होते. १८५२ मध्ये ते स्वतः युटामधल्या ऑग्डन या गावी येऊन स्थिरावले. त्यांना तीन बायका आणि बावीस मुलं होती. त्यातलाच एक जॉन, जन्म जानेवारी १८५५.

ऑग्डन तेव्हा अगदी वस्तीच्या टोकावरचं गाव. एका बाजूला वॉसॅच डोंगर, दुसऱ्या बाजूला ग्रेट सॉल्ट लेकची दलदल. डोंगरात हरणं, दलदलीत बदकं. शिकार हा तिथे छंद नव्हता, रात्रीच्या जेवणाचा प्रश्न होता. बंदूक ऐन वेळी अडली तर घरात मांस यायचं नाही. बंदूक आधी भरवशाची पाहिजे आणि मग बाकीचं, हे जॉनला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

घरात सांगितली जाणारी एक गोष्ट आहे. जॉन दहा वर्षांचा असताना त्याने वडिलांच्या दुकानातल्या भंगारातून एक मोडकी नळी उचलली. लाकडाचा तुकडा तासून दस्ता केला, तारेने नळी त्याला बांधली आणि धाकट्या मॅटला घेऊन रानात गेला. जॉनने नेम धरायचा आणि मॅटने दारूला बत्ती द्यायची. एका बारात तीन रानकोंबड्या पडल्या. सकाळी त्या ताटात आल्यावर वडिलांनी बंदूक मागितली, उलटसुलट करून पाहिली आणि दहा वर्षांच्या मुलाला याहून चांगली बनवता यायला हवी होती असं सुनावलं. ते पोराच्या मनाला लागलं.

एक गोळी, आठ हजार डॉलर

१८७८ मध्ये २३ वर्षांच्या जॉनने स्वतःची पहिली रायफल तयार केली. एकाच काडतुसाची, पण झडप खाली सरकवून ते भरता येईल अशी, आणि फार मजबूत. १८७९ मध्ये तिचं पेटंट मिळालं. त्याच वर्षी त्याचं रेचेलशी लग्न झालं आणि त्याच वर्षी वडील वारले. दुकान आता भावांच्या अंगावर आलं. मॅट हिशेब आणि विक्री बघायचा, एड हत्यारं घडवायचा. जॉन मात्र कागदावर फारसे आराखडे काढायचा नाही. यंत्र आधी डोक्यात पूर्ण चालवून बघायचं आणि मग पोलादाचे तुकडे कापायचे, अशी त्याची पद्धत.

भावांनी मिळून अशा सुमारे ६०० रायफली बनवल्या. त्यातली एक वापरलेली रायफल फिरत फिरत विंचेस्टर कंपनीच्या हाती पडली. विंचेस्टर म्हणजे तेव्हाचं अमेरिकेतलं सगळ्यात मोठं नाव. कंपनीचा कारभार बघणारा टी. जी. बेनेट हा संस्थापक ऑलिव्हर विंचेस्टरचा जावई. त्याने ती रायफल पाहिली आणि १८८३ मध्ये थेट आगगाडी पकडून ऑग्डन गाठलं. समोर छोटंसं दुकान आणि तिशीही न गाठलेली पोरं. सौदा ८,००० डॉलरला ठरला.

इथून पुढची १९ वर्षं ब्राउनिंग बंदुका तयार करत गेला आणि विंचेस्टर त्या विकत घेत गेली. चाळीसहून जास्त बंदुकांचे हक्क कंपनीने घेतले, पण त्यातल्या बहुतेक कधी बाजारात आणल्याच नाहीत. त्या दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून विकत घ्यायच्या आणि कपाटात ठेवायच्या. पैसे एकरकमी मिळायचे. बंदूक किती विकली गेली याच्याशी ब्राउनिंगचा संबंध नसायचा.

त्यातली एक बंदूक होती १८९४ सालची लिव्हर रायफल, मॉडेल १८९४.

थर्टी-थर्टी आणि कॅलिबरचा हिशेब

कॅलिबर म्हणजे साध्या शब्दांत नळीची, म्हणजेच गोळीची जाडी. अमेरिकेत ती इंचाच्या भागांत सांगतात. .३० म्हणजे इंचाचा तीस शतांश भाग, साधारण पावणेआठ मिलिमीटर. पण जाडी ही अर्धीच माहिती झाली. गोळीचं वजन किती आणि काडतुसात दारू किती, यावर ती किती वेगाने जाणार आणि किती खोल शिरणार हे ठरतं.

१८९० पर्यंत काळी दारू चालायची. ती फार वेग देत नसे, म्हणून जनावर पाडायला गोळी जाड आणि जड लागायची. तेव्हाच्या .४५-७० या प्रसिद्ध काडतुसात सुमारे २६ ग्रॅमची गोळी होती आणि ती सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास जायची. धूर इतका व्हायचा की पहिला बार काढल्यावर समोरचं हरीण धुरामागे दिसेनासं व्हायचं.

मग बिनधुराची दारू आली. १८९५ मध्ये विंचेस्टरने मॉडेल १८९४ साठी नवं काडतूस काढलं. गोळी दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे निम्म्याहूनही हलकी, पण वेग सेकंदाला जवळपास ६०० मीटर. हेच पुढे थर्टी-थर्टी नावाने ओळखलं गेलं. गोळी सरळ जायची, खांद्याला धक्का कमी बसायचा आणि जंगलातल्या अंतरावर हरणाला पुरेशी होती. मॉडेल १८९४ पुढे सत्तर लाखांहून जास्त विकली गेली. अमेरिकेतल्या कित्येक घरांत हरणाची रायफल म्हणजे हीच.

पण दुसऱ्या गोळीचा प्रश्न शिल्लक होता. लिव्हर ओढायचीच होती.

गवत हललं आणि डोक्यात दिवा पेटला

खरं तर त्याचं उत्तर ब्राउनिंगला काही वर्षं आधीच सापडलं होतं. १८८९ मध्ये तो मित्रांबरोबर ऑग्डनजवळ नेमबाजी करत होता. एका मित्राने गोळी झाडली आणि नळीच्या तोंडासमोरचं उंच गवत दोन्ही बाजूंना आडवं झालं. हे दृश्य याआधी हजारो लोकांनी पाहिलं असेल. ब्राउनिंगला वेगळं दिसलं. गोळी निघून गेल्यावर मागून एवढा जोर फुकट जातोय, मग तो बंदूक भरायला का वापरू नये?

दुकानात परत येऊन त्याने एक जुनी रायफल फळीला बांधली. नळीच्या तोंडासमोर लोखंडाचा एक जड ठोकळा ठेवला, त्यात गोळी जाईल एवढं भोक पाडलेलं. चाप ओढला. गोळी भोकातून निघून गेली आणि मागून आलेल्या वायूने तो ठोकळा खोलीच्या पलीकडे भिरकावला. जोर किती आहे याचा हिशेब झाला.

यातून आधी मशीनगन निघाली. पण शिकारीची बंदूक सैन्यातल्या बंदुकीपेक्षा वेगळी असते. ती दिवसभर खांद्यावर वागवायची असते. ती देखणी पाहिजे, हलकी पाहिजे, चिखल-पावसात चालली पाहिजे आणि सामान्य माणसाच्या खिशाला परवडली पाहिजे. शिवाय शिकाऱ्याला गोळ्यांचा पाऊस नको असतो. त्याला चाप एकदा ओढल्यावर एकच गोळी हवी असते. फक्त पुढची गोळी आपोआप नळीत येऊन बसलेली असावी, एवढीच त्याची मागणी. यालाच सेमी-ऑटोमॅटिक म्हणतात.

यासाठी ब्राउनिंगने वायूऐवजी धक्क्याचा उपयोग केला. गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे ढकलली जाते, तो धक्का. त्याने अशी रचना केली की बार झाला की नळी आणि बोल्ट एकमेकांना घट्ट जखडलेल्या अवस्थेत दोन्ही मागे सरकतात. अगदी शेवटपर्यंत मागे गेल्यावर कुलूप सुटतं. नळी आधी पुढे जाते, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि मग बोल्ट पुढे येताना नवं काडतूस नळीत ढकलतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. १९०० च्या ऑक्टोबरमध्ये त्याला या तत्त्वावर दोन पेटंट मिळाली. एक शॉटगनचं, दुसरं रायफलीचं.

एकोणीस वर्षांची दोस्ती एका भेटीत तुटली

शॉटगन घेऊन ब्राउनिंग विंचेस्टरकडे गेला. ही बंदूक आपल्या आयुष्यातली सगळ्यात मोलाची आहे हे त्याला माहीत होतं. त्यामुळे या वेळी त्याने एकरकमी पैसे घ्यायला नकार दिला. प्रत्येक विकल्या गेलेल्या बंदुकीमागे रॉयल्टी पाहिजे, असं त्याने सांगितलं.

बेनेटची अडचणही समजण्यासारखी होती. विंचेस्टरने कुणालाच रॉयल्टी दिली नव्हती आणि एकाला दिली की रांग लागणार. शिवाय आपोआप भरणारी बंदूक शिकारी विकत घेतील याची त्याला खात्री नव्हती. लिव्हर आणि पंपाच्या बंदुका जोरात खपत होत्या, त्यांच्यावर पाणी सोडून नवा धोका कशाला? त्याने नकार दिला. ब्राउनिंग उठला आणि बाहेर पडला. त्यानंतर त्याने विंचेस्टरला एकही नवी बंदूक दिली नाही.

तिथून तो रेमिंग्टनकडे गेला. ८ जानेवारी १९०२ ही तारीख. कंपनीचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांची भेट ठरली होती. ब्राउनिंग त्यांच्या कार्यालयात थांबला होता आणि तिथेच त्याला कळलं की हार्टली यांचा हृदयविकाराने मृत्यू झालाय.

दोन दरवाजे बंद झाले. ब्राउनिंगने जहाज पकडलं आणि बेल्जियम गाठलं. तिथली एफएन कंपनी आधीपासून त्याची पिस्तुलं बनवत होती. मार्च १९०२ मध्ये करार झाला, रॉयल्टीसकट. एवढंच नाही, या बंदुका अमेरिकेत विकण्यासाठी ब्राउनिंगने स्वतःच्या जबाबदारीवर १०,००० बंदुकांची मागणी नोंदवली. त्या विकल्या गेल्या. शिकारी आपोआप भरणारी बंदूक घेतील का, या बेनेटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं.

मग अमेरिकेतल्या आयात कराचा प्रश्न आला आणि शॉटगन अमेरिकेतच बनवण्याचा परवाना रेमिंग्टनला मिळाला. पाठोपाठ रायफलही त्यांच्याकडेच गेली.

रायफल आधी की काडतूस आधी?

१९०६ मध्ये रेमिंग्टनने ती रायफल बाजारात आणली. पुढे १९११ मध्ये तिला मॉडेल ८ हे नाव मिळालं.

तिच्या आदल्याच वर्षी विंचेस्टरनेही आपली सेमी-ऑटोमॅटिक रायफल काढली होती. त्यामुळे पहिली कोण असा वाद घालता येतो. पण दोघींच्या पोटात जमीन-अस्मानाचा फरक होता आणि कॅलिबर निवडण्याचा खरा धडा याच फरकात आहे.

विंचेस्टरच्या रायफलीत बोल्ट नळीला जखडलेला नव्हता. तो फक्त स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोराने जागेवर राहायचा. रचना सोपी, पण काडतूस जेवढं जोरदार तेवढा बोल्ट जड करावा लागणार. रायफल शिकाऱ्याला उचलता तर आली पाहिजे. म्हणून विंचेस्टरला काडतूसच कमी जोराचं ठेवावं लागलं. जवळच्या अंतरावर ते चालायचं, पण थर्टी-थर्टीची सवय झालेल्या शिकाऱ्याला ते तोकडं वाटायचं.

ब्राउनिंगच्या रायफलीत बोल्टचं डोकं फिरून दोन दातांनी नळीत अडकायचं, कडी लावावी तसं. गोळी बाहेर पडून आतला दाब उतरेपर्यंत ही कडी उघडायचीच नाही. त्यामुळे हरणाला लागतं तेवढं जोरदार काडतूस तिला झेपत होतं. इकडे यंत्रासाठी काडतूस कमी केलं गेलं, तिकडे काडतुसासाठी यंत्र मजबूत केलं गेलं.

पण थर्टी-थर्टी जसंच्या तसं तिच्यात घालता येत नव्हतं. त्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. लिव्हर रायफलीत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक आडवी झोपलेली असतात, तिथे कडेचा त्रास नाही. मॉडेल ८ मध्ये मात्र पाच काडतुसं पेटीत एकावर एक बसायची. वरच्याची कड खालच्याच्या कडेत अडकली की ऐन वेळी बंदूक ठप्प. म्हणून बाहेर कड नसलेली चार नवी काडतुसं आली. .२५, .३०, .३२ आणि .३५ रेमिंग्टन.

.३० रेमिंग्टन म्हणजे जवळपास कड काढलेलं थर्टी-थर्टीच. .३२ त्याचंच थोडं जाड भावंडं. .२५ ची गोळी साडेसात ग्रॅमच्या आसपास, धक्का सगळ्यात कमी, छोट्या हरणासाठी ठीक. आणि .३५ ची गोळी १३ ग्रॅमची, वेग सेकंदाला ६०० मीटरच्या वर. दाट जंगलात दीडशे मीटरच्या आतलं हरीण असो नाहीतर काळं अस्वल, हे काडतूस पुरून उरायचं. दूरवरच्या मोकळ्या डोंगरावर मात्र जड गोळी लवकर खाली येते, तिथे त्याचा उपयोग कमी.

म्हणजे कॅलिबर मोठं तेवढं चांगलं, असा हा हिशेब नव्हताच. जनावर केवढं, अंतर किती, झाडी किती दाट आणि आपल्या खांद्याला धक्का किती सोसतो, एवढं आधी ठरवायचं. जास्त धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना डोळे मिटणाऱ्याने .३५ घेऊन उपयोग नाही, त्याला .२५ किंवा .३० ने नीट जागी मारलेली गोळी बरी. एकशे वीस वर्षांनी नावं बदलली आहेत, आज .२४३, .३०८ आणि .३०-०६ ची चर्चा होते, पण हिशेब हाच आहे. त्या चार काडतुसांपैकी तीन काळाच्या ओघात मागे पडली. .३५ रेमिंग्टन टिकलं, कारण मार्लिन कंपनीने ते आपल्या लिव्हर रायफलीत घेतलं.

मॉडेल ८ मध्ये खोटही होती. नळीभोवती आणखी एक नळी, तिच्यात स्प्रिंगा, त्यामुळे वजन साडेतीन किलोच्या पुढे. नळी मागे जाऊन परत येते तो दुहेरी झटका काहींना आवडायचा नाही. तरी ती १९३६ पर्यंत बनत राहिली, सुमारे ८०,००० नग. पुढे थोड्या फेरफारांसह मॉडेल ८१ या नावाने ती १९५० पर्यंत चालली. १९३४ मध्ये बॉनी आणि क्लाइड या दरोडेखोर जोडीला टिपणाऱ्या पोलीस पथकाकडेही ही हरणाची रायफल होती.

ही शिकार आहे की कत्तल?

दुसरी गोळी सोपी झाली, पण तिसरी, चौथी आणि पाचवीही सोपी झाली. नेमकी हीच गोष्ट अनेकांना खटकली.

तेव्हा अमेरिकेतल्या हरणांची अवस्था वाईट होती. मांस आणि कातड्यासाठी अनेक दशकं बेसुमार शिकार झाली होती, जंगलं तुटली होती. अनेक राज्यांत हरीण दिसणं ही बातमी व्हायची. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक विल्यम हॉर्नडे यांनी ऑटोमॅटिक आणि पंपाच्या बंदुकांविरुद्ध मोहीम उघडली. हे हॉर्नडे तरुणपणी भारतात येऊन संग्रहालयासाठी वाघ आणि हत्ती मारून गेले होते. त्याच माणसाला आता आपोआप भरणाऱ्या बंदुकीत उरलेल्या प्राण्यांचा अंत दिसत होता. १९०७ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याने शिकारीसाठी ऑटोमॅटिक बंदुका वापरायला बंदी घातली. हरणाच्या शिकारीत सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालणार नाही हा त्या राज्याचा नियम पुढे शंभराहून जास्त वर्षं टिकला.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं होतं की जनावर जखमी होऊन निसटण्यापेक्षा दुसऱ्या गोळीने लगेच संपलेलं बरं. दोन्ही बाजूंत तथ्य होतं. हरणं वाचली ती बंदुकीच्या प्रकारामुळे नाही, तर शिकारीचा ठरावीक हंगाम, माणशी मर्यादा आणि मांसविक्रीवरची बंदी यांमुळे. १९३७ मध्ये तर असा कायदा आला की बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी वापरायचा. आज अमेरिकेत हरणांची संख्या कोटींत आहे. भारतात मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार चितळ-सांबराची शिकार हा आज गुन्हा आहे, रायफल कोणतीही असो.

रानातून खंदकात

ब्राउनिंगचं यंत्र रानापुरतं राहिलं नाही. २८ जून १९१४ ला सारायेव्होमध्ये आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडवर गोळ्या झाडल्या गेल्या ते एफएनचं पिस्तूल ब्राउनिंगचंच होतं. त्यातून पेटलेल्या महायुद्धात अमेरिका १९१७ मध्ये उतरली, तेव्हा तिच्या सैन्याकडे धड मशीनगन नव्हत्या. त्या पुरवल्या ब्राउनिंगने. त्यात बार नावाने प्रसिद्ध झालेली ऑटोमॅटिक रायफलही होती आणि तिच्यात १८८९ साली गवत हलवणाऱ्या त्या वायूचाच उपयोग केला होता. त्याचा मुलगा व्हॅल फ्रान्सच्या आघाडीवर ती घेऊन गेला.

आणि इथे एक गंमत झाली. रॉयल्टीसाठी एकोणीस वर्षांचं नातं तोडणाऱ्या या माणसाने स्वतःच्या सरकारकडून मात्र एकरकमी साडेसात लाख डॉलर घेतले. नेहमीच्या रॉयल्टीच्या मानाने ही रक्कम फारच कमी होती. त्याने घासाघीस केली नाही. कंपनी नफ्यासाठी विकत घेते आणि देश गरजेसाठी, हा फरक त्याला कळत होता.

तिकडे विंचेस्टरचं काय झालं? त्यांना आपोआप भरणारी शॉटगन हवीच होती. पण ब्राउनिंगच्या शॉटगनचं पेटंट विंचेस्टरच्याच माणसांनी जुन्या दोस्तीत इतकं पक्कं लिहून दिलं होतं की त्यातून वाट काढणं कठीण झालं. बोल्ट ओढायची मूठसुद्धा वापरता येईना. १९११ मध्ये त्यांनी जी शॉटगन काढली तिच्यात नळी हाताने धरून मागे ओढावी लागायची. नळीच्या तोंडाजवळ हात नेण्याच्या या पद्धतीमुळे अपघात झाले आणि ती बंदूक बदनाम झाली.

कामाच्या टेबलापाशी शेवट

ब्राउनिंगच्या नावावर एकूण १२८ पेटंट आहेत. म्हातारपणीही त्याच्या अमेरिका-बेल्जियम वाऱ्या चालूच होत्या. २६ नोव्हेंबर १९२६ ला एफएनच्या कारखान्यात, मुलगा व्हॅलच्या कार्यालयात, हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला. वय ७१. त्याचं अर्धवट राहिलेलं पिस्तुलाचं काम एफएनच्या द्युदोने सेव्ह याने पूर्ण केलं. तेच १९३५ चं हाय-पॉवर. पुढे भारतात ईशापूरच्या रायफल कारखान्यात त्याची आवृत्ती बनली आणि आपल्या लष्कराने ती अनेक वर्षं वापरली.

शिकारीच्या रायफलीची गोष्ट मात्र अजून संपली नव्हती. १९६७ मध्ये एफएनने हरणासारख्या जनावरांच्या शिकारीसाठी नवी सेमी-ऑटोमॅटिक रायफल आणली. तिच्यावर काम करणाऱ्यांत ब्रूस ब्राउनिंग होता, व्हॅलचा मुलगा, जॉनचा नातू. नाव आजोबांच्या युद्धातल्या रायफलीचंच ठेवलं, बार. .२४३, .२७०, .३०८, .३०-०६ अशा चांगल्या जोरदार काडतुसांत ती मिळू लागली, कारण तिचाही बोल्ट नळीत घट्ट अडकतो. नळीला एक बारीक भोक आहे. त्यातून थोडा वायू बाहेर येतो, बोल्टला मागे ढकलतो आणि पुढचं काडतूस नळीत येतं.

शिकारी चाप सोडतो, पुन्हा ओढायला तयार होतो. नेम हललेला नसतो.